बद्द

सप्टेंबरात बटाटे निघाले,
ऑक्टोबरात पाणी निघालं,
अंगणातल्या बंबाच्या पोटातून, राखेतून,
थेंब थेंब, काळं, चहाच्या चोथ्यासारखं.

एर्व्हे खिडकीतून बघत होता.
नाकात ऑक्सिजनची नळी;
धूर, ठिणगी, थंडी, तिन्ही वर्ज्य.
काचेवर एकदा टकटक म्हणजे हो,
दोनदा म्हणजे नाही,
आणि सलग, न थांबता, म्हणजे
ओडील, तुला यातलं काही कळत नाही.

मे महिन्यात राख उपसायची असते,
तेलाचा बोळा फिरवून दार लावायचं असतं.
मे महिन्यात आम्ही बँगोरच्या इस्पितळात होतो.
राख बसली उन्हाळाभर ओल पीत
आणि पत्रा खात.
केवढा हा पाण्याचा गंज, हजार लिटरचा,
त्याला गंजानेच खाल्लं.
भांडंही तेच नाव लावतं, भूकही तेच.

पाणी सोडून दिलं. मी आत शिरले,
खांदे तिरके करून, आधी डोकं,
मग उरलेली मी, साठी उलटलेली.
आत अठरा हिवाळ्यांचा वास:
मेपल, बर्च, आणि एका वर्षी
आगपेटीच्या किमतीत मिळालेलं ओलं पॉपलर,
ज्यावरून आम्ही आठवडाभर बोललो नव्हतो.

हातोडी घेतली. मडकं वाजवून घ्यावं
तशी भिंत वाजवत गेले.
ठण. ठण. ठण.
बद्द.
बद्दला खडूचं वर्तुळ.
ठण. बद्द. बद्द.
वर्तुळाला वर्तुळ भिडत गेलं
आणि भिंतीवर एक देशच उभा राहिला,
नदीपलीकडे दिसतो त्या कॅनडापेक्षा वेडावाकडा.

रोझेर आला वेल्डिंगचं यंत्र घेऊन,
सोबत त्याचा नातू दोनात, शाळेला बटाट्याची सुट्टी.
भोक बुजवायला गेला तर भोक रुंदावलं,
ते बुजवायला गेला तर शेजारी दुसरं.
"कागदाला टाके घालतोय मी," तो आतून ओरडला,
आणि वर फ्रेंचमध्ये चर्चमधल्या दोनतीन पवित्र वस्तूंची नावं घेतली,
शिवी म्हणून.

खिडकीवर टकटक. दोनदा.
मी जवळ गेले.
एर्व्हेने काचेवर वाफ सोडली,
श्वास मोजून मिळतो त्याला, तरी सोडला,
आणि बोटाने एक चौकोन काढला.
मोठा. माझ्या खडूच्या देशाहून चार बोटं मोठा.
पुसून जायच्या आत मी मान हलवली.

मग कापलं. निम्मी भिंतच गेली म्हणा.
जिथे पत्रा खणखणीत बोलला तिथे थांबलो.
एर्व्हेच्या बापाच्या ट्रेलरचा तळ होता गोठ्यामागे,
पाव इंच जाड, चिखलाने माखलेला, पण आवाजाचा खरा.
दोनातने तो घासून घासून चांदीसारखा केला
आणि कोणी बघत नाही असं पाहून
त्यात स्वतःचा चेहरा बघितला.

पाणी भरलं, औषध टाकलं, पेटवलं.
तासाभरात ठिगळाच्या कडेने धारा.
रोझेर पायरीवर मटकन बसला.
खिडकीवर टकटक सुरू झाली,
सलग, सलग, सलग,
दोनात आत पळाला, परत आला:
"ते म्हणतात, घाम आहे. गार पाणी, गरम जाळ.
म्हणतात, थांबा.
तुम्हाला कुणालाच काही कळत नाही, म्हणतात."

थांबलो.
रात्री तीनला मी बॅटरी घेऊन गेले.
कोरडं. सगळं कोरडं.
फक्त खाली डाव्या कोपऱ्यात एक थेंब,
पडायच्या बेतात, पडत नव्हता.
त्याच्याखाली कॉफीचा डबा ठेवून आले.

सकाळी घर उबदार. डब्यात चमचाभर.
"किती?" एर्व्हेने विचारलं.
"काहीच नाही," मी म्हणाले.

त्याने टेबलावर बोट ठेवलं.
टक. टक.